जुन्या ऑइल इंजिनासाठी योग्य वंगणतेलाची निवड

विहिरीचे पाणी उपसणे, उसाचा चरक चालविणे, मळणी करणे, कडबा कापणे, दळण दळणे इत्यादी कामांसाठी लहान ऑइल इंजिनाचा उपयोग महाराष्ट्रात गेली अनेक दशके होत आला आहे. पुण्याजवळील खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. पुढे राजकोट येथील लहान-मोठ्या कारखान्यांतून लिस्टर पद्धतीची मंदगती इंजिनेही मोठ्या संख्येने बाहेर पडली. आज बहुतेक गावांत विजेचे पंप आले आहेत व सौर पंपही दिसू लागले आहेत. तथापि नदी-ओढ्यांच्या काठी, वीज न पोहोचलेल्या मळ्यांत आणि वीज बेभरवशाची असलेल्या ठिकाणी वीस-तीस वर्षांची इंजिने अद्याप शेतकऱ्याची सेवा करीत आहेत.

अशा इंजिनाचे आयुष्य ज्या अनेक गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत वंगणतेलाचे स्थान पहिले आहे. गहू चिकात असताना किंवा उन्हाळी भुईमुगाला आऱ्या सुटत असताना इंजिन धरले, तर दुरुस्तीचा खर्च तर सोसावा लागतोच. शिवाय क्रँक घासून येईपर्यंतच्या आठ-दहा दिवसांत पाण्यावाचून पिकाचे जे नुकसान होते, ते कोणत्याही मिस्त्रीला भरून काढता येत नाही. म्हणून जुन्या इंजिनात कोणते तेल घालावे, कोणते घालू नये आणि ते केव्हा बदलावे, याचे ज्ञान प्रत्येक इंजिनधारक शेतकऱ्यास असणे आवश्यक आहे.

वंगणतेलाची कामे

वंगणतेल केवळ घर्षण कमी करते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते पाच कामे करीत असते. पहिले काम म्हणजे फिरणाऱ्या दोन भागांमध्ये तेलाचा पातळ थर राखून धातूला धातू घासू न देणे. दुसरे, पिस्टन व बेअरिंग यांची उष्णता वाहून नेणे. तिसरे, पिस्टनच्या रिंगा व लायनर यांमधील सूक्ष्म फट बुजवून दाब टिकविणे. चौथे, जळणापासून निर्माण होणारी काजळी आपल्यात धरून ठेवणे व भाग स्वच्छ राखणे. पाचवे, ओलावा व आम्ल यांपासून धातूचे रक्षण करणे. तेल निवडताना ही पाचही कामे लक्षात घ्यावी लागतात. केवळ हाताला चिकट व दाट लागते म्हणून तेल चांगले, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

दाटपणा व त्याचे क्रमांक

तेलाच्या डब्यावर एस.ए.ई. ही अक्षरे व त्यापुढे ३०, ४०, ५० असे आकडे छापलेले असतात. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली सुरू केलेल्या वर्गीकरणाचे हे क्रमांक होत. ते तेलाचा दर्जा दाखवीत नाहीत, केवळ दाटपणा दाखवितात. १०० अंश सेल्सिअस तापमानास ३० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा सुमारे ९.३ ते १२.५, ४० क्रमांकाच्या तेलाचा १२.५ ते १६.३ आणि ५० क्रमांकाच्या तेलाचा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक इतका असतो. आकडा जितका मोठा, तितके तेल दाट.

प्रत्येक तेल तापले की पातळ होते व गारठले की दाट होते. २० डब्ल्यू-४० किंवा १५ डब्ल्यू-४० असा दुहेरी क्रमांक ज्या डब्यावर असतो, ते तेल थंडीत डब्ल्यू या अक्षराच्या अलीकडील आकड्याप्रमाणे वागते व इंजिन तापल्यावर ४० क्रमांकाच्या तेलाइतका दाटपणा राखते. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक आहे. उन्हाळ्यात विदर्भातील तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तर निफाडच्या परिसरात हिवाळ्यातील पहाटे ते १० अंशांच्याही खाली उतरते. इंजिनाच्या पुस्तिकेत उन्हाळ्यासाठी ४० व हिवाळ्यासाठी ३० क्रमांकाचे तेल सांगितले असेल, तर दुहेरी क्रमांकाचे तेल वापरल्याने ऋतूप्रमाणे तेल बदलण्याची गरज राहत नाही व पहाटेच्या थंडीतही हँडल मारणे सोपे जाते.

पुस्तिका हरवली असेल, तर इंजिनावरील पट्टीवर कोरलेला नमुना-क्रमांक टिपून घ्यावा व त्या बनावटीच्या विक्रेत्याकडे विचारणा करावी. अंदाजाने तेल घालू नये.

डब्यावरील दुसरी अक्षरे

दाटपणाच्या क्रमांकाइतकीच महत्त्वाची, परंतु दुर्लक्षित राहणारी अक्षरे म्हणजे ए.पी.आय. यापुढील वर्ग होय. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरविलेल्या या वर्गांत सी या अक्षराने सुरू होणारे वर्ग डिझेल इंजिनांसाठी व एस या अक्षराने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांसाठी आहेत. डिझेलच्या वर्गांपैकी सीडी हा वर्ग १९५५ चा, सीआय-४ हा २००२ चा, तर सीके-४ हा २०१६ चा आहे. जुन्या पुस्तिकेत सीडी वर्गाचे तेल सांगितलेले असले, तर त्याऐवजी सीआय-४ वर्गाचे तेल वापरण्यास हरकत नसते. नवा वर्ग जुन्यापेक्षा काजळी धरून ठेवण्यास व उष्णता सहन करण्यास अधिक समर्थ असतो.

येथे एक चूक वारंवार घडते. गावातील दुकानात मोटारसायकलीचे २० डब्ल्यू-४० तेल सहज मिळते. डिझेल इंजिनाच्या तेलावरही तोच आकडा असल्याने ते निःशंकपणे इंजिनात ओतले जाते. दाटपणा सारखा असला, तरी ज्या डब्यावर केवळ एस वर्ग छापलेला आहे, ते तेल डिझेलची काजळी सोसण्यासाठी तयार केलेले नसते. म्हणून आकडा व अक्षर या दोन्ही गोष्टी पाहूनच डबा घ्यावा.

प्रथम इंजिनाची परीक्षा

इंजिन जुने झाले म्हणून त्याचे तेल बदलावे, हा नियम नव्हे. वर्षांनी जुने असलेले, परंतु नीट राखलेले इंजिन मूळ क्रमांकाच्या तेलावरच चालवावे. झीज झाली आहे किंवा नाही, हे पुढील खुणांवरून ओळखता येते.

धुराचा रंग पाहावा. निळसर धूर येत असेल, तर वंगणतेल जळत आहे. काळा धूर येत असेल, तर इंजिनावर भार जास्त आहे, हवागाळणी तुंबली आहे किंवा नोझल बिघडले आहे. अशा वेळी वंगणतेल बदलून काहीही साधत नाही. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलाचा असतो किंवा सिलिंडरमध्ये पाणी झिरपत असल्याचे तो दर्शवितो.

चक्र हाताने फिरवून पाहावे. दाबाच्या टप्प्यावर चक्र अडून मागे उसळी घेत असेल, तर रिंगा व व्हॉल्व्ह दाब धरीत आहेत. चक्र न अडता सहज फिरून जात असेल, तर दाब कोठून तरी निसटत आहे.

तेलाचा हिशेब ठेवावा. दर आठवड्यास इंजिन किती तास चालले व त्यात किती तेल भरावे लागले, याची नोंद वहीत केल्यास झीज वाढत असल्याचे वेळीच ध्यानात येते. पंधरा दिवसांपूर्वी जेवढे तेल लागत होते त्याच्या दुप्पट आज लागत असेल, तर इंजिन बांधण्याची वेळ जवळ आली आहे असे समजावे.

श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, तपासावा. क्रँकच्या पेटीतील हवा बाहेर सोडणारी ही वाट धूळ व काजळीने बुजली, तर पेटीत दाब निर्माण होतो, क्रँकच्या टोकांतून तेल गळू लागते व रिंगांच्या वरही चढते. पुष्कळदा रिंगा गेल्या असे समजून खर्च केला जातो आणि दोष मात्र न साफ केलेल्या ब्रीदरचा असतो.

दाट तेलाचा उपाय

रिंगा व लायनर खरोखर झिजले असतील आणि हंगाम संपेपर्यंत इंजिन थांबविणे शक्य नसेल, तर एक पायरी दाट तेल, म्हणजे ४० ऐवजी ५० क्रमांकाचे, वापरल्यास तेल जळण्याचे प्रमाण काही अंशी कमी होते व दाबही थोडा सुधारतो. हा उपाय उन्हाळ्यात व तात्पुरता करावयाचा आहे. झिजलेला धातू तेलाने भरून येत नाही.

याहून दाट तेल घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेणाऱ्या लिस्टर पद्धतीच्या अनेक मंदगती इंजिनांत तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची चमची तेलात बुडते व तिच्या फटकाऱ्याने उडालेल्या थेंबांवर बेअरिंग, लायनर व पिस्टन यांचे वंगण होते. तेल फार दाट असेल, तर पहाटे इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे ते पुरेसे उडत नाही. ज्या इंजिनांत पंपाने तेल चढविले जाते, तेथेही दाट तेल अरुंद नळ्यांतून सावकाश पोहोचते. तेल वाचविण्याच्या नादात बेअरिंग गमावण्याचा हा प्रकार होय.

साध्या तेलावरून मलशोधक तेलाकडे

काही जुनी इंजिने वर्षानुवर्षे साध्या, म्हणजे कोणतेही द्रव्य न मिसळलेल्या खनिज तेलावर चाललेली असतात. असे तेल काजळी धरून ठेवीत नाही. ती पेटीच्या तळाशी व कोपऱ्यांत काळ्या राबडीच्या रूपाने साचत जाते. आजच्या तेलांत मळ सोडविणारी द्रव्ये असतात. पेटी न धुता असे तेल एकदम घातल्यास जुना थर सुटून तेलात फिरू लागतो आणि ज्या इंजिनास तेलाची गाळणी नाही, तेथे तो बेअरिंगांपर्यंत जातो किंवा तेलाच्या वाटा बुजवितो.

याचा अर्थ आधुनिक तेल वापरू नये असा नाही. इंजिन गरम असताना जुने तेल काढून टाकावे, पेटीचे झाकण उघडून तळाची राबडी खरवडून काढावी, डिझेलने व स्वच्छ फडक्याने पेटी पुसून घ्यावी. धागे सुटणारे सुती बोळे वापरू नयेत. नंतर नवे तेल भरून पहिला बदल २५ ते ३० तासांतच करावा. दुसऱ्या वेळी तेल स्वच्छ निघू लागले म्हणजे नेहमीच्या मुदतीवर यावे. एकदा एवढे श्रम घेतले की जुने इंजिनही नव्या तेलावर सुखाने चालते.

टाळावयाची तेले

गियरचे तेल इंजिनात कधीही घालू नये. ट्रॅक्टरच्या गियरपेटीतील ९० क्रमांकाचे तेल ४० च्या दुप्पटीहून अधिक दाट असेल, या समजुतीने ते झिजलेल्या इंजिनात ओतले जाते. प्रत्यक्षात गियर तेलाचे क्रमांक वेगळ्या मापाचे आहेत. ९० क्रमांकाच्या गियर तेलाचा दाटपणा इंजिनाच्या ४० ते ५० क्रमांकाच्या तेलाइतकाच असतो. म्हणजे दाटपणाचा अपेक्षित लाभ तर होत नाहीच, उलट त्यातील गंधकयुक्त द्रव्ये गरम इंजिनात तांबे मिसळलेल्या धातूच्या बुशांना अपाय करू शकतात. काजळी धरून ठेवण्याचा गुणही त्यात नसतो.

एरंडेल अथवा अन्य खाद्यतेले मिसळू नयेत. एरंडेल धातूला उत्तम चिकटते हे खरे. परंतु उष्णतेने ते लवकर घट्ट होऊन डिंकासारखा थर बनविते व रिंगा खाचांत चिकटून बसतात.

सुटे, मोजून दिलेले तेलही घेऊ नये. ते पुन्हा उकळून गाळलेले जळके तेल असण्याचा संभव असतो. रंग स्वच्छ दिसला तरी त्यातील उपयुक्त द्रव्ये संपलेली असतात. मोहोरबंद डबाच घ्यावा व रिकामा डबा फेकण्यापूर्वी त्यावर खूण करावी, म्हणजे त्यात दुसरे तेल भरून विकले जाणार नाही.

तेल बदलण्याची मुदत व पद्धत

पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर तेल बदलावे. लहान इंजिनांसाठी ही मुदत सामान्यतः १०० ते २५० तासांच्या दरम्यान असते. गाळणी नसलेल्या अथवा झिजलेल्या इंजिनास कमी तासांची मुदत धरणे हिताचे असते. दिवसास ८ तास इंजिन चालत असेल, तर १०० तास म्हणजे सुमारे साडेबारा दिवस होत. शेतकऱ्याच्या कल्पनेपेक्षा ही मुदत पुष्कळच लवकर येते.

डिझेल इंजिनाचे तेल थोड्याच तासांत काळे होते. तेवढ्यावरून ते निकामी झाले असे समजू नये. काजळी आपल्यात धरून ठेवण्याचे काम ते करीत आहे, असा त्याचा अर्थ आहे. पुढील खुणा मात्र गंभीर आहेत. तेल दुधी दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. तेलाची पातळी न भरता वाढत असेल व त्यास डिझेलचा वास येत असेल, तर पंप अथवा नोझलमधून डिझेल खाली उतरत आहे. दोन्ही प्रसंगी इंजिन बंद ठेवून दोष काढावा व मगच नवे तेल भरावे. थंडगार विहिरीचे पाणी वेगाने सोडून इंजिन सतत गार ठेवल्यासही जळण अपुरे होते व डिझेल तेलात उतरते. म्हणून बाहेर पडणारे पाणी पुस्तिकेप्रमाणे पुरेसे कोमट-गरम राहील इतपतच प्रवाह ठेवावा.

तेल खुणेच्या वर भरणे धोक्याचे आहे. जादा तेल किंवा डिझेल मिसळून फुगलेले तेल सिलिंडरमध्ये चढले, तर इंजिन स्वतःच्या वंगणावरच बेफाम धावू लागते व डिझेल बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी चक्रापासून दूर उभे राहून हवा आत घेणाऱ्या तोंडावर फळी दाबून हवा बंद करावी. हात किंवा सैल कापड लावू नये.

बदल करताना इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून तेल गरम झाल्यावरच काढावे. गाळणी असल्यास साफ करावी किंवा बदलावी. नरसाळे व मापाचे भांडे धुळीपासून जपावे. नवे तेल भरल्यावर इंजिन काही मिनिटे चालवून थांबवावे व थोड्या वेळाने, इंजिन सपाटीवर असताना, पातळी पाहावी. मळणीच्या किंवा कडबा कापण्याच्या कामात भुसा व धूळ फार उडते. तेलाच्या भांड्याची हवागाळणी असेल, तर त्या दिवसांत तिच्यातील तेल रोज तपासावे. हवेतून आत जाणारी धूळ लायनरला कानशीप्रमाणे घासते व तिच्यापुढे उत्तम वंगणाचाही उपाय चालत नाही.

पावसाळ्यात इंजिन ठेवताना

खरिपात पाऊस सुरू झाला की अनेक इंजिने चार महिने बंद राहतात. वापरलेल्या तेलात आम्ल व ओलावा असतो. तेच तेल पेटीत ठेवून इंजिन बंद केल्यास बेअरिंग व लायनर गंजतात. तेल बदलण्याची खरी वेळ दिवाळीनंतर इंजिन काढताना नसून मृगापूर्वी ते ठेवताना आहे. नवे तेल भरून इंजिन थोडा वेळ चालवावे, पाणी काढून टाकावे, इंजिन झाकावे आणि महिन्यातून एकदा डिझेल बंद ठेवून चक्र हाताने फिरवावे.

पेट्रोल, रॉकेल व टू-स्ट्रोक इंजिने

पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनात रॉकेल तेलात उतरून ते लवकर पातळ होते. म्हणून तेथे तेलाची पातळी व वास रोज पाहावा आणि मुदत कमी धरावी. पाठीवरील फवारणी यंत्रांपैकी ज्यांचे इंजिन टू-स्ट्रोक आहे, त्यांत तेलाची वेगळी पेटी नसते. पेट्रोलमध्येच टू-टी तेल मिसळावे लागते. २५ भाग पेट्रोलास १ भाग तेल सांगितले असल्यास १ लिटर पेट्रोलात ४० मिलिलिटर, व ५० भागांस १ भाग सांगितले असल्यास २० मिलिलिटर तेल घालावे. तेल कमी पडल्यास पिस्टन धरतो, अधिक झाल्यास प्लग काजळतो. यासाठी चार-स्ट्रोक इंजिनाचे तेल वापरू नये.

जळक्या तेलाची विल्हेवाट

काढलेले तेल ओढ्यात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यातील घातक द्रव्ये जमिनीतून पाण्यात उतरतात. त्याचा वारंवार स्पर्श त्वचेसही अपायकारक असल्याने हात साबणाने धुवावेत व ते गुरांच्या जखमेवर लावण्याची प्रथा सोडून द्यावी. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते झाकणाच्या डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोहोचेल अशी व्यवस्था करावी. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी चार-सहा इंजिनधारकांचे तेल एका ठिकाणी जमविण्याची सोय केल्यास हे काम सुलभ होईल.

सारांश, जुन्या इंजिनासाठी कोणतेही जादूचे तेल नाही. पुस्तिकेत सांगितलेला दाटपणा, डिझेलसाठी योग्य वर्ग, मोहोरबंद डबा, वेळेवर बदल आणि वहीतील नोंद या पाच गोष्टी सांभाळल्या, तर इंजिन कितीही जुने असले तरी त्याची झीज मंदावते. आणि झीज मर्यादेबाहेर गेल्याचे त्या वहीतून दिसू लागले, म्हणजे दाट तेलावर दिवस न काढता पिकाला पाण्याची निकड नसलेल्या काळात इंजिन बांधून घ्यावे. हंगामाच्या ऐन मध्यावर पाण्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या पिकाच्या किमतीपुढे त्या दुरुस्तीचा खर्च नेहमीच अल्प ठरतो.